पाझर आणि परतीची वाट

मंडळी, सुरुवातीला एक साधी गोष्ट करून पाहू. घोट्यापासून चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा टेकवा आणि दहा सेकंद नीट दाबून धरा. आता अंगठा उचला आणि त्या जागेवरून बोट फिरवा. बहुतेकांच्या हाताला काही लागणार नाही. पण पायावर सूज असलेल्या माणसाला असं दाबलं, की अंगठ्याएवढा खळगा पडतो आणि तो भरून यायला कधी कधी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, घाई करू नका, तो खळगा भरताना बघत राहा. अंगठ्याखालून बाजूला सरलेलं आणि आता हळूहळू परत येणारं जे पाणी, त्याच्याबद्दलच मला आज बोलायचं आहे.

आपल्या पेशी रक्तात बुडालेल्या नसतात. त्या बुडालेल्या असतात ऊतीद्रवात, म्हणजे पेशींच्या मधल्या जागेतल्या पाण्यात. मोठ्या माणसाच्या शरीरात हा द्रव साधारण 10 ते 12 लिटर असतो, तर रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, जेमतेम 3 लिटर. या दोघांमध्ये आहे केशवाहिनीची, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिनीची भिंत, एकाच पेशीच्या जाडीची. केशवाहिनी इतकी अरुंद, की तांबडी पेशी तिच्यातून अंग चोरून, वाकून पुढे सरकते. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं, पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हे त्याला दिसलं नव्हतं. ते बेडकाच्या फुप्फुसात 1661 मध्ये माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने पाहिलं.

एक घोटाळा इथेच दूर करतो. प्राणवायू आणि साखर पेशीपर्यंत पोचतात त्या मुख्यतः विसरणाने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप पसरत. त्यासाठी पाणी वाहावं लागत नाही. आपण बोलतोय ते पाण्याच्या वाहण्याबद्दल, आणि त्यामागे दाबाचं गणित आहे.

केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला दाब असतो पाऱ्याच्या साधारण 35 मिलिमीटर, शिरेकडच्या टोकाला साधारण 15. भिंतीला बारीक फटी आहेत. मग सगळं पाणी बाहेर का पडत नाही? याचं उत्तर 1896 मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दिलं. ‘हॉर्मोन’ हा शब्द 1905 मध्ये रूढ करणारा स्टार्लिंग तो हाच. त्याने कुत्र्याच्या मागच्या पायाच्या ऊतींमध्ये मिठाचं पाणी भरलं. त्या पायातून फिरून येणारं रक्त पातळ झालं, म्हणजे रक्ताने ते पाणी ओढून घेतलं होतं. मिठाच्या पाण्याऐवजी रक्तजल, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पातळ द्रव भरला, तेव्हा मात्र तो तसा शोषला गेला नाही. फरक एकच: रक्तजलात प्रथिनं होती.

इथे जरा थांबू या, कारण या विचाराची खोली सहज निसटते. रक्तात क्षार भरपूर आणि प्रथिनं त्या मानाने थोडी. पाणी ओढण्याची ताकद मोजली तर क्षारांपुढे प्रथिनांची ओढ अगदी किरकोळ. म्हणूनच तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. पण क्षार भिंतीतून सहज आरपार जातात, दोन्ही बाजूंना सारखेच होतात आणि त्यांची ओढ आपसात फिटते. अल्ब्युमिनसारखं थोराड प्रथिन आतच अडकून राहतं. त्यामुळे शेवटी हिशेबात उरते ती त्या किरकोळ वाटणाऱ्या प्रथिनांचीच ओढ, सुमारे 25 मिलिमीटर. दाब बाहेर ढकलतो, प्रथिनं आत खेचतात.

यावरून पाठ्यपुस्तकांत एक आकृती आली: पहिल्या टोकाला पाणी बाहेर, दुसऱ्या टोकाला परत आत. मीही ती वर्षानुवर्षं फळ्यावर काढली. आता ती तशी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केशवाहिनीच्या आतल्या बाजूला शर्करायुक्त रेणूंचा लवलवीत थर असतो आणि प्रथिनांची ओढ प्रत्यक्षात त्या थराच्या दोन बाजूंमध्ये चालते. लेव्हिक आणि मिशेल या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये हा सगळा पुरावा एकत्र मांडला. बहुतेक ऊतींमध्ये केशवाहिनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडी थोडी पाझरतच असते. दाब एकदम उतरला, उदाहरणार्थ बराच रक्तस्राव झाला, तर पाणी काही काळ आत ओढलं जातं, पण ते तेवढ्यापुरतंच. आतडं आणि मूत्रपिंड यांची गोष्ट वेगळी. पाणी सतत आत घेणं हे तिथल्या काही केशवाहिन्यांचं कामच आहे.

मग पाझरलेलं पाणी जातं कुठे? लसीकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींतलं पाणी गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या बारीक नळ्यांत; त्यांतून वाहणाऱ्या द्रवाला लसीका म्हणतात. या नळ्यांच्या टोकाच्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि बारीक धाग्यांनी आजूबाजूच्या ऊतीला बांधलेल्या असतात. पाणी साचून ऊती फुगली, की धागे ताणले जातात आणि झडपा उघडतात. पुराच्या दाबाने दार मिटायला हवं, तर इथे पुरानेच ते उघडतं! हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी किती तरी वेळ ती आकृती पाहत बसलो होतो. पुढे या वाहिन्या स्वतः आकुंचन पावत, चालताना पोटरीच्या स्नायूंची मदत घेत, द्रव वर ढकलतात आणि मानेच्या तळाशी, गळपट्टीच्या हाडामागे, तो शिरेत सोडतात.

द्रवाबरोबर प्रथिनंही परत येतात, आणि त्यांना परतायला दुसरी वाट नाही. रक्तातल्या प्रथिनांपैकी पाव ते अर्धा हिस्सा रोज असा बाहेर जाऊन लसीकेतून परततो. ही वाट बंद पडली, तर ज्या ओढीवर रक्त पाणी धरून ठेवतं, ती ओढच ढासळेल.

आता सूज समजणं सोपं आहे. हृदय थकलं, की शिरांतला दाब वाढून पाझर वाढतो. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन वाहून गेलं, की ओढ कमी पडते. गांधील डसली, की भिंतीच्या फटीच रुंदावतात. लसीकेत वाढीव पाणी उचलायची बरीच ताकद असते, म्हणून सूज उशिरा दिसते. खळगा पडण्याआधी वजन दोन-तीन किलोंनी वाढलेलं असू शकतं. हृदयविकाराच्या रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगतात ते यासाठी.

आणि हत्तीरोगात लसीकावाहिन्याच निकामी होतात. पाणी साचतं, त्याहून वाईट म्हणजे प्रथिनं साचतात, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं की ऊती तंतुमय, टणक होते. अशा जुन्या पायावर अंगठा कितीही दाबून धरला, तरी खळगा पडत नाही.