क्रीमची परीक्षा: बिघडलेली त्वचा खरंच सावरते का?

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात डिसेंबर लागला की पहाटेची हवा कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात, नडगीवर नखानं ओढलं तर पांढरी रेघ उमटते. दुकानांतही क्रीमच्या डब्या पुढच्या फळीवर येतात. त्यांच्यावर लिहिलेलं असतं, 'खराब झालेली त्वचा पूर्ववत करते'. हे वाक्य खरं की खोटं, ते तपासायचं कसं, यावर आज बोलू.

पहिली अडचण अशी की त्वचा काहीही न लावता स्वतःहून भरून येते. वरचा थर खरवडला गेला तर निरोगी तरुण माणसात तो साधारण तीन दिवसांत सावरतो, वय वाढलं की जास्त वेळ लागतो. त्यामुळे क्रीम लावण्याआधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले, तर मधे दिवस गेले एवढंच सिद्ध होतं. खरा प्रश्न आहे तो क्रीमविना जे झालं असतं, त्याहून लवकर किंवा चांगलं झालं का, हा.

आता बिघडतं काय ते पाहू. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. विटांच्या भिंतीसारखी त्याची रचना असते. पेशी म्हणजे विटा, आणि मधला गारा म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं ही स्निग्ध द्रव्यं. हा गारा गेला की आतलं पाणी वाफ होऊन निसटायला लागतं. घाम वेगळा, ही वाफ वेगळी, ती चोवीस तास चालूच असते. एका चौरस मीटरमधून तासाला किती ग्रॅम पाणी जातं, हे मोजणारं यंत्र त्वचेवर टेकवतात. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला निरोगी आकडा साधारण ५ ते १० असतो. थर बिघडला की तो चढतो, सावरला की उतरतो. त्वचा मऊ लागते की नाही, यापेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा.

चाचणीसाठी त्वचा मुद्दाम थोडी बिघडवावी लागते. त्याच्या दोन रीती आहेत. एक चिकटपट्टीची. ठरावीक आकाराची गोल चिकट चकती ठरावीक दाबानं, ठरावीक सेकंद टेकवायची आणि ओढून काढायची. दर वेळी पेशींचा एक पातळ पापुद्रा निघतो. किती चकत्या, हे आधी ठरवून चालत नाही. एकाच्या हातावर १५ चकत्यांत आकडा चढतो, दुसऱ्याच्या हातावर ३० लागतात. म्हणून मधूनमधून मोजत राहायचं आणि आकडा मूळच्या चौपट झाला की थांबायचं. इथे चकत्यांची संख्या सारखी ठेवली, तर प्रत्येकाचं नुकसान वेगळं होतं आणि पुढची तुलना सुरुवातीलाच बिघडते.

दुसरी रीत सोडियम लॉरिल सल्फेटची. टूथपेस्टमध्ये आणि शाम्पूत असतो तोच हा फेसाचा पदार्थ. त्याचं अर्धा ते एक टक्का पाण्यातलं द्रावण छोट्या वाटीसारख्या पॅचमध्ये भरून २४ तास हातावर बांधतात. यात पेशी सोलल्या जात नाहीत, पण प्रथिनं बिघडतात आणि दाह होतो. भांडी आणि कपडे धुऊन हात फुटतात, त्याच्या जवळ जाणारी रीत हीच. सावरायला आठवडा किंवा त्याहून अधिक लागतो. एका रीतीत चांगलं ठरलेलं क्रीम दुसरीत चांगलं ठरेलच असं नाही, म्हणून डबीवर 'चाचणी केलेली' एवढंच लिहिलेलं असेल तर कोणती चाचणी, हे विचारायला हवं.

एकाच हातावर चार जागा आखतात. पहिली अजिबात न बिघडवलेली. दुसरी बिघडवून मोकळी सोडलेली. तिसरीवर क्रीमचा नुसता आधार, म्हणजे तेच तेल-पाणी-मेण, पण ज्याची जाहिरात होते तो घटक वगळून. चौथीवर पूर्ण क्रीम. जागांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर क्रीम पसरून शेजारी जातं. मनगटाजवळची त्वचा मुळातच जास्त पाणी सोडते, म्हणून मनगटापासून चार-पाच सेंटिमीटर सोडायचे आणि प्रत्येक माणसाच्या हातावर कोणत्या जागी काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. लावणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला कोणती ट्यूब कशाची, हे कळता कामा नये. ट्यूबांवर फक्त सांकेतिक आकडे. मात्राही सारखी, एका चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम, तराजूवर तोललेली.

तिसऱ्या जागेचं महत्त्व उदाहरणानं कळेल. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. समजा, सुरुवातीला वाचन ८, बिघडवल्यावर ३२, म्हणजे नुकसान २४. दुसऱ्या दिवशी मोकळी जागा २० वर आली, म्हणजे ३२ मधून १२ उतरली आणि ५० टक्के सावरली. आधार लावलेली १८ वर, म्हणजे ५८ टक्के. क्रीमची १७ वर, म्हणजे ६२ टक्क्यांच्या थोडं पुढे. मोकळ्या जागेशी तुलना केली तर क्रीम बारा टक्क्यांनी पुढे दिसतं, जाहिरातीत तेच येतं. आधाराशी तुलना केली तर फरक चारच टक्क्यांचा, आणि वीस-तीस माणसांत तो योगायोगानेही येऊ शकतो. महागड्या घटकाची किंमत त्या चार टक्क्यांसाठी मोजायची असते.

यात सर्वांत मोठी फसगत झाकण्याची होते. व्हॅसलिन लावलं की त्याच क्षणी वाफ अडते आणि आकडा कोसळतो. त्वचा सावरलेली नसते, फक्त झाकलेली असते. म्हणून क्रीम लावल्यावर लगेच मोजायचं नसतं. आदल्या रात्रीनंतर लावणं बंद, उरलेला थर कोरड्या टिश्यूनं हलकेच टिपायचा, चोळायचं नाही, आणि मग मोजायचं. हा नियम पाळला नाही तर जगातलं कोणतंही तूप उत्तीर्ण होईल.

खोलीचं म्हणाल तर तापमान २० ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के, आणि पंखा बंद. आपल्याकडे पंख्याची इतकी सवय असते की तोच आधी सुटतो, आणि वाऱ्याच्या झुळकीनं उघड्या नळीच्या यंत्राचं वाचन वरखाली होतं. हडपसरहून दुचाकीवर सनकोट घालून आलेला माणूस आत घामेजलेला असतो. त्याला बाह्या वर करून निदान २०-३० मिनिटं शांत बसवायचं, गरम चहा नंतर. मेच्या दुपारचं वाचन आणि जुलैतलं वाचन एकत्र मिसळून सरासरी काढू नये.

लालीबद्दल सावध राहायला हवं. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर लाली डोळ्यांना कमी दिसते, म्हणून नुसत्या नजरेनं दिलेले गुण दाह कमी दाखवतात. दुसरं, आपल्या त्वचेवर दाह ओसरल्यावर काळसर डाग राहू शकतो, कधी महिनोन्महिने. चाचणीत भाग घेणाऱ्याला हे संमतीपत्रावर सही करण्याआधी मराठीत सांगायलाच हवं. आणि लाली गेली म्हणजे थर सावरला असंही नाही. तीव्र स्टेरॉइड मलम लाली झटपट घालवतं, पण थर पुन्हा बांधला जाण्याचा वेग कमी करतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब आणून महिनाभर चोळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

घरी यातलं काय करता येईल? त्वचा मुद्दाम बिघडवायची नाही. आधीच फुटलेल्या टाचा किंवा कोरड्या नडग्या घ्या, मात्र दोन्हीकडे कोरडेपणा सारखा हवा. चिघळलेल्या किंवा रक्त येणाऱ्या भेगांवर, भाजल्यावर आणि मधुमेह असलेल्यांच्या पायांवर प्रयोग नको, तिथे डॉक्टर. आधी कोपराच्या आतल्या खळीत क्रीम दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज, पुरळ आली तर तिथेच थांबा. नाही आली, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दोन सारख्या डब्या भरायला सांगा, एकीत नवं महाग क्रीम, दुसरीत तशाच रंगाचं, तितपतच वासाचं साधं क्रीम. डब्यांवर 'क' आणि 'ख'. कोणतं कशात, हे त्यांनी कागदावर लिहून पाकिटात बंद करायचं. डाव्या पायाला 'क', उजव्याला 'ख', रोज रात्री, दोन आठवडे. मात्रा मोजायला तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून येणारी रेघ धरा, ती साधारण अर्धा ग्रॅम असते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. डबीतून काढताना तेवढंच घ्या.

फोटो दर तिसऱ्या दिवशी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, सकाळी अंघोळीआधी, म्हणजे रात्रीच्या क्रीमची चकाकी गेलेली असेल. पाकीट उघडण्याआधी कोणता पाय बरा, ते लिहून ठेवा. ठरवता येत नसेल तर तसं लिहा, तोही निकालच आहे, आणि पुढच्या महिन्यात स्वस्त डबी आणायला पुरेसा आहे. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच करा. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत दोन्ही टाचा आपोआप मऊ होतात, आणि तेव्हा कोणतीही डबी जिंकते.