नदी वाचते किंवा बुडते ती नकाशावर

नमस्कार मंडळी. मी उभा आहे घोडबंदर रोडला, गायमुख चौपाटीवर. मागे दिसतेय ती उल्हास. राजमाचीच्या डोंगरात निघाली, कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत आली आणि इथे खाडी होऊन वसईकडे निघाली.

नदीकाठी भराव पडायला लागला की आपण काय करतो? डंपरचा व्हिडिओ काढतो, ग्रुपवर टाकतो, दोन दिवस तावातावाने बोलतो. पण बऱ्याचदा डंपर यायच्या कितीतरी आधी त्या जमिनीचा रंग नकाशावर बदललेला असतो. हिरव्याचा पिवळा. हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास, जिथे बांधकामाला मोकळं रान नसतं. पिवळा म्हणजे रहिवास. त्या दिवशी कुणी तिथे फिरकलेलं नसतं.

तो नकाशा म्हणजे डीपी, विकास आराखडा. त्याच्यामागे कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. आपण सगळे एमआरटीपी म्हणतो. त्याचं कलम 22 वाचा. आराखड्यात कशाकशाची तरतूद करता येते याची तिथे यादी आहे, आणि त्या यादीत पूरनियंत्रण आणि नदीचं प्रदूषण रोखण्याचे प्रस्ताव आहेत. 1966 सालापासून आहेत! त्यामुळे 'कायदाच नाही हो' हे रडगाणं मला पटत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. नदी एक, आराखडे ढीगभर. बदलापूरचा वेगळा, उल्हासनगरचा वेगळा, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदर, प्रत्येकाचा आपापला. वरच्या गावाने काठ बुजवला तर पाणी खालच्याच्या अंगणात येणार, पण वरच्याच्या आराखड्यावर खालचा माणूस हरकत घेतोय असं दृश्य फारसं दिसत नाही.

(पडद्यावर : पूररेषेचा नकाशा)

आता या दोन रेषा नीट बघा. निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभाग आखतो. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार काठापासून निळ्या रेषेपर्यंत बाग, मैदान अशा मोकळ्या वापरांपलीकडे फारसं काही करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे मात्र बांधकाम चालतं. अट काय, तर जोतं, म्हणजे इमारतीचा जमिनीलगतचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं.

इथे जरा थांबूया, कारण गोम इथेच आहे. जोतं उचललं, सोसायटी कोरडी राहिली. छान. पण जोतं उचलायला भराव घातला, म्हणजे जे पाणी तिथे पसरणार होतं ते शेजारच्या चाळीत जाणार. नियम इमारत वाचवतो, पुराची जागा वाचवत नाही. 27 जुलै 2019 आठवतंय? बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं होड्यांतून काढावी लागली. ते पाणी याच उल्हासचं.

खाली आपल्या ठाण्याच्या टापूत दुसरा कायदा लागतो, सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांचे केंद्राचे नियम. खाऱ्या पाण्याची भरती जिथवर चढते तिथवर तो चालतो. ती हद्द ठरते ऐन कोरड्या दिवसांत मोजलेल्या खारटपणावरून. 2011 च्या अधिसूचनेत खाडीकाठी 100 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, जे कमी असेल ते, एवढ्या पट्ट्याला हे नियम लागायचे. 2019 मधे 100 चे 50 झाले. खारफुटीला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांचं वेगळं कवच आहे. 2018 च्या निकालात तर कोर्टाने स्पष्ट सांगितलं की खारफुटीभोवती 50 मीटर सोडायचेच, जमीन कुणाच्या का मालकीची असेना.

आणि उद्योगांना नदीपासून लांब ठेवणारं राज्याचं एक धोरण होतं, 2000 सालचं, 2009 ला सुधारलेलं. सरकारने ते 2015 ला रद्द केलं. माझ्या मते चूक झाली. धोरणात त्रुटी होत्या तर त्या दुरुस्त करायच्या होत्या, आख्खं धोरण कशाला गुंडाळायचं?

असो. आपल्या हातात काय? एमआरटीपीचं कलम 26. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. आणि कलम 37 वर डोळा ठेवा. मंजूर आराखड्यातले किरकोळ म्हणवले जाणारे फेरबदल त्या वाटेने येतात, हरकतीला महिनाच असतो, आणि ती नोटीस पेपरात वधू-वर आणि 'नाव बदलले आहे'च्या शेजारी बारीक टायपात असते.

हरकत लिहिताना 'निसर्गाचा ऱ्हास थांबवा' वगैरे लिहू नका, त्याने कुणाचं काही अडत नाही. गाव, सर्व्हे नंबर, आराखड्याच्या शीटचा क्रमांक लिहा. आधी कोणतं क्षेत्र होतं, आता कोणतं दाखवलंय ते लिहा. पूररेषेच्या नकाशाची प्रत जोडा आणि तुमची मागणी एका ओळीत मांडा : हे क्षेत्र पूर्ववत ना-विकास ठेवावं. सुनावणीला हजर राहायचंय हेही त्यातच लिहून टाका.

दोन प्रती काढा. एक आवकला द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या. उद्या 'तुमची हरकत आलीच नाही' म्हणाले, तर तोच कागद दाखवायचा आहे.