मामांची सायकल आणि चार मिलिमीटर

मंडळी, मला इथं बोलायला उभं केलंय खरं, पण माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, लेथसमोर उभं राहण्यात गेला. तिथं बोलून भागत नाही, माप लागतं. तेव्हा मापापासूनच सुरुवात करतो. एकशे सव्वीस आणि एकशे तीस. फरक चार मिलिमीटरचा, आणि त्यात माझा एक पावसाळा गेला.

माझे मामा बर्मिंगहॅमला फाउंड्रीत कामाला होते. १९८२ साली त्यांनी तिथं एक रेसिंग सायकल घेतली आणि परतताना सामानाबरोबर ती इकडं आणली. वाकडं हँडल, पुढं दोन चक्रं, मागं सहा. कोल्हापुरात काही दिवस त्यांनी ती रंकाळ्याभोवती फिरवली, पोरं मागं पळायची म्हणे. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि सायकल माळ्यावर गेली. तीन वर्षांपूर्वी मला म्हणाले, "ने बाबा तू. भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही माझा."

मी काय केलं? तीस वर्षं पोरांना सांगत आलो, आधी माप घ्या, मग माल आणा. आणि स्वतः आधी माल आणला. अकरा गिअरची नवी चाकं मागवली, पेटी फोडली, मागचं चाक बसवायला गेलो तर बसेना. जुन्या सहा गिअरच्या गाडीत मागच्या चाकाला जागा १२६ मिलिमीटरची असते, नव्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, १३० लागते. त्याच्याही आधीच्या पाच गिअरच्या गाड्या १२० च्या.

आता दोन्ही हातांनी फ्रेम फाकवून चाक आत ढकलता येतं. पुष्कळ जण तेच करतात. पण प्रत्येक पंक्चरला रस्त्याकडेला ही कुस्ती कोण खेळणार? आणि कानाची तोंडं, म्हणजे चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ते दोन्ही पत्रे, तिरपे राहतात ते वेगळंच. म्हणून फ्रेमच कायमची वाकवायची. अॅल्युमिनियमला हे करायला जाल तर चीर जाईल, कार्बनच्या तर वाटेलाच जाऊ नका. पोलाद मात्र ऐकतं. थोडं वाकवलं तर परत येतं, जरा पुढं नेलं तर तिथंच राहतं. एका बाजूला दोन मिलिमीटर हवे असतील तर बरंच जास्त वाकवावं लागतं, सोडल्यावर ते मागं येतं, आणि नेमकं किती मागं येतं हे हाताला कळायला वेळ लागतो.

सांगणारे सांगतात की आटे पाडलेला लांब रॉड आत घाला, नट फिरवा, दोन्ही बाजू आपोआप फाकतील. फाकतात, पण सारख्या नाहीत. चेनच्या बाजूचा पाइप चक्राला जागा द्यायला चेपलेला असतो, दोन्ही बाजूंची ताकद एकसारखी नसते, मग कमजोर बाजू जास्त जाते आणि चाक एका अंगाला पळतं. म्हणून एका वेळी एकच बाजू. मी जुन्या घराच्या छपराचा सागवानी वासा घेतला, फ्रेममधून घालून तरफेसारखा लावला आणि हळूहळू रेटला. दर रेट्यानंतर दोरा. मागच्या एका कानाला दोरा बांधायचा, पुढं हँडलच्या पाइपाला वळसा घालून दुसऱ्या कानाला आणायचा, आणि सीटच्या पाइपापासून दोन्हीकडं दोऱ्याचं अंतर मोजायचं. दोन्ही सारखी आली की फ्रेम सरळ. गंमत म्हणजे मी हात लावण्याआधीच ती दीड मिलिमीटर डावीकडं होती. म्हणजे मामा इतकी वर्षं तिरकेच चालले होते.

हे सगळं ज्या पाइपावर करायचं तो कसला आहे तेही कळायला हवं. सीटखाली हिरवट स्टिकर होतं, रेनॉल्ड्स ५३१. बर्मिंगहॅमचीच कंपनी, १९३५ पासूनचा हा पाइप, मँगनीज आणि मॉलिब्डेनमचं पोलाद. सांध्याजवळ भिंत जाड, मधे पातळ, त्यामुळं वजन मधलं कमी होतं आणि जोडाची ताकद राहते. जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही हाच पाइप होता. या फ्रेमचे जोड लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोलादी बाहीत, पाइप घालून पितळेनं झाळलेले असतात, वेल्डिंग केलेले नसतात. माझा एक वेल्डर दोस्त प्रेमानं म्हणाला, "गिअरच्या केबलचं आवरण अडवायला दोन स्टॉप लावायचेत नव्हं, आण, पाच मिनिटांत चिकटवतो." मी त्याला चहा पाजून परत पाठवला. इतक्या पातळ, अशा पोलादावर आर्कचा डाग म्हणजे पुढं कधीतरी तिथंच तडा. यंत्रकामात नाव काढलेल्या म्हादबा मेस्त्रींच्या गावात वेल्डरला नाही म्हणायला धीर लागतो, पण म्हणा. खालच्या पाइपावर जुन्या गिअर-लिव्हरच्या खुंट्या होत्याच. त्यांच्यावर बसणारे स्टॉप मिळतात, काम भागतं.

सीटपोस्टचं थोडक्यात सांगतो, कारण आठवण चांगली नाही. पोस्ट अॅल्युमिनियमची, पाइप पोलादी, ओल लागली की दोन्ही एकमेकांना धरतात. तेल, गरम-गार, वाइसमध्ये धरून फ्रेम फिरवणं, सगळं झालं. शेवटी वरून कापली आणि आत हॅक्सॉचं पातं घालून उभी चीर पाडली. दोन संध्याकाळी. नवी २७.२ ची बसवली तेव्हा ग्रीस लावायला विसरलो नाही.

पायडलच्या एक्सलचे कप, म्हणजे फ्रेमच्या तळच्या आडव्या नळीत आट्यांनी बसणारे बेअरिंगचे वाटे, काढताना बोटाची साल गेली. चूक माझीच. इंग्लिश गाडीत चेनच्या बाजूला उलटे आटे असतात आणि मी ताकद लावून तो कप आणखी आवळत होतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: इंग्लिश आहे की इटालियन, हे ओळखायचं कसं?)

चांगलं विचारलंत. कप बसतात त्या नळीची रुंदी मोजा. ६८ मिलिमीटर असेल तर बहुतेक इंग्लिश, ७० असेल तर इटालियन, आणि तिकडं दोन्हीकडं सरळ आटे. फ्रेंच गाड्याही ६८ च्या असतात, त्या वेगळा विषय. रॅलेच्या जुन्या गाड्यांत इंचाला २६ आटे, बाकी इंग्लिश गाड्यांत २४. त्या २४ आट्यांचे कप आजही बनतात. एवढ्या जुन्या घरात नवीन बेअरिंगचा कप हातानं सरसर आत गेला, तेव्हा मला काय वाटलं हे टर्नरलाच कळेल.

आता ब्रेक. मामांची चाकं २७ इंची, नवी ७००सी. नाव ऐकून नवी मोठी वाटतात, पण टायर बसतो तिथलं माप जुन्याचं ६३०, नव्याचं ६२२. म्हणजे रिम चार मिलिमीटर खाली जाते. हेही चारच! ब्रेकचे पाय तितके लांब हवेत, नाहीतर रबर टायरला घासतं. जुनी रिम क्रोम केलेल्या पोलादाची होती. कोरडी असताना ठीक, ओली झाली की ब्रेक दाबून देवाचं नाव घ्यायचं. पन्हाळ्यावरून श्रावणात वाघबिळाकडं उतरणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. माझ्या मते पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर अॅल्युमिनियम रिम आणि चांगले ब्रेक. गिअरची हौस नंतर.

हौस मात्र मीही केली. जुनं सगळ्यात हलकं गिअर पुढं ४२, मागं २८ दात. पायडलच्या एका फेरीत चाकाच्या दीड फेऱ्या, साधारण सव्वातीन मीटर. आता पुढं ३४, मागं ३२, म्हणजे एका फेरीला सव्वादोन मीटर. माझ्या वयात हा एक मीटर सोन्याचा. शिवाय जुन्या फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे हबवर आट्यांनी बसणाऱ्या मागच्या चक्रांच्या गड्ड्यात, उजवं बेअरिंग आत राहतं, एक्सलचं टोक अधांतरी. मामांचा एक्सल काचेवर गडगडवला तर डुलत होता. नव्या हबमध्ये बेअरिंग टोकाकडं सरकलंय, ही खरी सुधारणा.

हँडलचा जुना निमुळता दांडा ठेवला. नवा लावायला अडॅप्टर मिळतो, पण त्या बारीक पाइपांवर तो पैलवानाच्या डोक्यासारखा दिसतो. रंगालाही हात लावला नाही. मामा बघायला आले, ब्रेक दाबून बघितले, मागचं चाक उचलून फिरवलं आणि विचारलं, "आणि घंटी?"

खर्च विचारू नका, तेवढ्यात बरी नवी सायकल आली असती. कानांची तोंडं समांतर करायला मी दोन जाड बोल्टांवर सपाट चकत्या बसवून एक हत्यार केलंय. मागच्या खाचेला १० मिलिमीटरचं, पुढच्यासाठी बारीक. कुणाला हवं असेल तर घेऊन जा. वही शेडच्या दारावर टांगलीय, नाव लिहा, आणि परत आणताना पुसून आणा.