एडफूचा ससाणा : इजिप्तच्या शेवटच्या राजघराण्याची गोष्ट

(दृश्य : पहाट. एडफू गाव. घोडागाड्यांच्या टापा, चहाच्या टपऱ्या. रस्ता वळतो आणि समोर देवळाचं महाद्वार.)

छत्तीस मीटर उंच. साधारण बारा मजली इमारतीएवढं, आणि हे नुसतं दार आहे. देऊळ अजून मागे आहे.

दाराच्या दोन्ही अंगांना राजा कोरलाय. एका मुठीत शत्रूंचे केस, दुसरा हात गदा उगारून वर. इजिप्तचे राजे आपल्या देवांसमोर तीन हजार वर्षं याच आवेशात उभे राहत आले. फरक इतकाच, की हा राजा जन्मानं मॅसिडोनियाचा ग्रीक आहे. त्याची दरबारी भाषा ग्रीक, त्याच्या नाण्यांवरची अक्षरं ग्रीक. नाव बारावा टॉलेमी. क्लिओपात्राचे वडील.

(दृश्य : काळ्या दगडाचा ससाणा. जवळून. डोळे, चोच, डोक्यावरचा दुहेरी मुकुट.)

आणि हा होरस. ससाण्याच्या रूपातला देव, या देवळाचा मालक.

टॉलेमी म्हटलं की लोकांना क्लिओपात्रा आठवते, आणि क्लिओपात्रा म्हटलं की साप आठवतो. ती गोष्ट तिला हरवणाऱ्या रोमन लोकांनी सांगितली आणि जगानं ती तशीच उचलली. पण या घराण्याची दुसरी एक नोंद आहे. ती याच मातीतल्या पुजाऱ्यांनी, याच मातीतल्या लिपीत, दगडावर करून ठेवली. आम्ही ती बघायला आलो. म्हणून या चित्रफितीत अलेक्झांड्रिया फारशी दिसणार नाही. तिथला राजवाडा समुद्राच्या तळाशी गेला, दीपस्तंभ भूकंपांनी पाडला, ग्रंथालयाची एक वीटसुद्धा दाखवता येत नाही. देवळं मात्र उभी आहेत.

(दृश्य : नकाशा. बॅबिलोनपासून मेम्फिसपर्यंत सरकणारी रेघ.)

सुरुवात एका पळवापळवीपासून होते. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलोनला वारला. सेनापतींनी मुलूख वाटून घेतले. त्यातला टॉलेमी, लागोसचा मुलगा, इजिप्तवर आला. दोन वर्षांनी अलेक्झांडरचं शव मॅसिडोनियाकडे निघालं तेव्हा टॉलेमीनं ते वाटेतच, सीरियात ताब्यात घेतलं आणि इजिप्तला आणलं. आधी मेम्फिस, मग अलेक्झांड्रिया. ज्याच्या हातून राजाचे अंत्यसंस्कार होतात तोच त्याचा वारस, हे इजिप्तमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. बाप ओसायरिसचे संस्कार होरसनं केले आणि गादी होरसला मिळाली. इ.स.पू. ३०५ च्या सुमारास टॉलेमीनं स्वतःला राजा म्हणवून घेतलं.

पुढची पावणेतीनशे वर्षं या घराण्यातला प्रत्येक राजा टॉलेमीच.

एक गंमत सांगायला हवी. इजिप्तच्या राजघराण्यांना आपण आजही क्रमांकांनी ओळखतो. अठरावं घराणं, एकोणिसावं घराणं. ही मोजणी मनेथो नावाच्या इजिप्शियन पुजाऱ्याची. त्यानं पहिल्या टॉलेमींच्या काळात आपल्या देशाचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिला आणि तीस घराणी मोजली. ज्यांच्या राज्यात बसून लिहिलं, त्या टॉलेमींना मात्र या यादीत क्रमांक नाही. आजही नाही.

(दृश्य : कॅमेरा देवळाच्या आत शिरतो. चौक, मग खांबांचा मंडप, मग दुसरा मंडप. उजेड कमी होत जातो.)

चालताना पायांना हळूच चढ जाणवतो. जमीन वर येतेय, छत खाली येतंय, उजेड आटतोय. हे मुद्दाम केलंय. सृष्टीच्या आधी सगळीकडे पाणीच पाणी होतं, त्यातून चिखलाचा एक उंचवटा वर आला, त्यावर बोरू उगवला आणि बोरूवर येऊन ससाणा बसला. एडफूची सृष्टीकथा ही अशी. हे खांब म्हणजे त्या पाण्याकाठची झाडं. आपण चालतोय ते त्या पहिल्या उंचवट्याकडे.

(दृश्य : गाभारा. करड्या ग्रॅनाइटचा देव्हारा. फक्त वरून येणारा उजेडाचा पट्टा.)

गाभाऱ्यातला हा देव्हारा एकसंध दगडाचा आहे, जवळजवळ चार मीटर उंच. पुढ्यातली लाकडी नाव हल्लीची आहे, नक्कल. देव्हारा मात्र देवळाहूनही जुना. तो घडवला दुसऱ्या नेक्टानेबोनं. तिसाव्या घराण्यातला हा शेवटचा राजा, सबंध इजिप्तचा शेवटचा देशी फेअरो. इराण्यांनी त्याला हरवलं आणि तो दक्षिणेकडे पळून गेला. शंभरएक वर्षांनी टॉलेमींनी इथे नवं देऊळ उभारायला घेतलं, तेव्हा जुनं सगळं उतरवलं आणि हा देव्हारा ठेवला. परक्या राजांच्या देवळाचा देव पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ देशी राजाच्या देव्हाऱ्यात बसला. पुढे तर अशी दंतकथाच झाली, की अलेक्झांडर हा नेक्टानेबोचाच मुलगा.

(निवेदन नाही. देव्हाऱ्यावर दहा सेकंद.)

देवळाचा पाया २३ ऑगस्ट इ.स.पू. २३७ रोजी घातला. तारीख भिंतीवर आहे. राज्य तिसऱ्या टॉलेमीचं.

(दृश्य : भिंतीवरचं कोरीवकाम. राजा आणि देवी समोरासमोर, दोघांच्या हातात मेख, मध्ये दोरी.)

इथे राजा आणि लेखनाची देवी सेशात सूत धरून उभे आहेत. हा विधी रात्रीचा. राजा म्हणतो, मी मेख घेतली, मोगरी घेतली, नजर सप्तर्षींवर लावली, देवळाचे चार कोपरे ठरवले. गवंडी आजही घराचा पाया आखताना आधी सूत लावतो. त्याच्या कामाची इतकी जुनी आणि इतकी देखणी नोंद आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

पण बांधकाम एका दमात झालं नाही. तीस वर्षांनी दक्षिण इजिप्त पेटला, लोकांनी आपले स्वतःचे फेअरो गादीवर बसवले. बंडखोर या देवळातही लपले होते, असं देवळाचाच लेख सांगतो. वीस वर्षं काम बंद. मग बंड मोडलं, पुढच्या टॉलेमीनं काम सुरू केलं.

(दृश्य : एक चिंचोळी खोली. भिंतीवर ओळीच ओळी.)

ही खोली बघा. दोन माणसं कशीबशी मावतील एवढी. देवळाची ही पुस्तकांची खोली. पपायरसच्या गुंडाळ्या कधीच गेल्या, पण त्यांची यादी भिंतीवर कोरलेली राहिली. सूर्य-चंद्र पुन्हा कधी कुठे येणार याचं पुस्तक. भिंती कशा चितारायच्या याचं पुस्तक. राजाचं महालात रक्षण कसं करायचं त्याचं पुस्तक. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी जग दोन हजार वर्षं हळहळतंय आणि इथे हे कपाट उभं आहे. बाहेरच्या गाइडनं आम्हाला आधी त्याच्यासमोरून तसंच पुढे नेलं होतं.

इथे पुजारी नुसतं जुनं उतरवत बसले नव्हते. पूर्वी चित्रलिपीत सातशे-आठशे चिन्हं नेहमीच्या वापरात असत. टॉलेमींच्या काळात ती काही हजारांवर गेली. एका चिन्हाचे चार अर्थ, एका शब्दाच्या दहा लकबी. या कलेला उतरती कळा म्हणणाऱ्यांनी ही भिंत निदान एकदा वाचायला हवी.

(दृश्य : बाहेरची प्रदक्षिणा. पश्चिमेची उंच भिंत, आतल्या बाजूनं. सकाळचं ऊन तिरपं पडलेलं. नावा, भाला, दोरी, आणि भाल्याच्या टोकाशी इवलासा पाणघोडा.)

या भिंतीसाठी आम्ही दोन सकाळी थांबलो. ऊन तिरपं असतानाच ही चित्रं उठून दिसतात.

सेथनं भाऊ ओसायरिसला मारलं. इसिसनं नवऱ्याचे तुकडे गोळा केले, त्याला जागवलं आणि होरसला जन्म दिला. होरस मोठा होऊन बापाचं राज्य परत मागायला निघाला. इथे सेथ पाणघोड्याच्या रूपात नदीत लपलाय. होरस नावेत उभा राहून एकेक भाला मारतोय. पहिला, दुसरा, असे दहा. नावेच्या टोकाशी इसिस आहे, ती मुलाला धीर देतेय. आणि पाणघोडा इतका छोटा का? कोरलेलं जिवंत होतं अशी श्रद्धा होती. सेथला मोठं कोरणं धोक्याचं.

हे नाटक दरवर्षी इथे होई. शेवटी पाणघोड्याच्या आकाराची पोळी कापत. शत्रूचे असे तुकडे झाले की राज्य आणखी एक वर्ष सुरक्षित.

आता काठावरचा हा दुसरा भालेकरी पाहा. तो राजा आहे. चौकटीत नाव टॉलेमी. अलेक्झांड्रियातल्या राजाला हे नाटक ठाऊक असेल-नसेल, पण पुजाऱ्यांनी त्याला त्यात उभं केलं. राजाला होरसपण मिळालं, देवळाला जमिनी आणि दगड मिळाले.

बहीण-भावाच्या लग्नाचंही तसंच. दुसऱ्या टॉलेमीनं सख्ख्या बहिणीशी, आर्सिनोईशी लग्न केलं. ग्रीक जग हादरलं. पण इजिप्तमध्ये ओसायरिस आणि इसिस भाऊ-बहीणच होते आणि नवरा-बायकोही. आर्सिनोई वारल्यावर तिला देवी करून देशभरच्या देवळांत बसवलं. फिले बेटावरच्या देवळाच्या भिंतीवर ती इसिसच्या मागे उभी आहे. ही प्रथा पुढे घराण्यात चालू राहिली, आणि सख्ख्या नात्यांतले खूनही.

(दृश्य : महाद्वार पुन्हा, आतल्या बाजूनं. दाराच्या बिजागरीच्या खोबणी.)

इ.स.पू. ५७ मध्ये या दारात लाकडी कवाडं बसली. काम पूर्ण. एकशे ऐंशी वर्षं लागली. तेव्हा महाद्वारावर गदा उगारलेला बारावा टॉलेमी देशातच नव्हता. प्रजेनं त्याला घालवून दिलं होतं आणि तो रोमकडे मदत मागत फिरत होता.

(दृश्य : नाव. नाईलचा काठ, खजुरी, उसाची शेतं. दुपार.)

दरवर्षी उन्हाळ्यात देंडेराची हॅथर देवी याच पाण्यातून नावेनं होरसला भेटायला येई. दीडशेहून जास्त किलोमीटर, प्रवाहाच्या उलट. वाटेत गावोगावी उत्सवमूर्ती थांबे. अमावास्येला पोहोचे, पौर्णिमेला परत निघे.

(दृश्य : देंडेरा. निळं छत. मग देवळाची मागची भिंत, संपूर्ण.)

ही ती भिंत. पुढे आहे तो सिझेरियन, पंधरावा टॉलेमी, ज्यूलियस सीझरचा मुलगा. मागे त्याची आई, सातवी क्लिओपात्रा. डोक्यावर शिंगं, सूर्यबिंब, पिसं. हातात देवीचं खुळखुळ्यासारखं वाद्य. समोर देवांची रांग. इथे ती देवीला धूप-वाद्य घेऊन आलेली आई आहे, आणि मुलगा राजा आहे. होरसला घेऊन उभी असलेली इसिस ज्याला माहीत आहे, त्याला हे चित्र वाचायला शब्द लागत नाहीत.

इजिप्शियन भाषा शिकलेली ती या घराण्यातली पहिली, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. पावणेतीनशे वर्षांत पहिली. जवळच्या भिंतींवर या चौकटी पाहा. राजाचं नाव जिथे कोरतात तीच लंबगोल चौकट. आत काही नाही.

(निवेदन नाही. रिकाम्या चौकटी, एकामागून एक.)

कोण गादीवर टिकणार हे कारागिरांना कळेना, म्हणून जागा सोडून दिली. इ.स.पू. ३१ मध्ये क्लिओपात्रा रोमशी ॲक्टियमची लढाई हरली, पुढच्या ऑगस्टमध्ये ती गेली, सिझेरियनला मारलं, इजिप्त रोमचा प्रांत झाला.

या चौकटी आज वाचता येतात त्याही याच घराण्यामुळे. रोझेटाची शिळा पाचव्या टॉलेमीच्या पुजाऱ्यांचा ठराव आहे, इ.स.पू. १९६ चा, एकच मजकूर तीन लिप्यांत. १७९९ मध्ये ती सापडली, आणि तिच्यावरच्या चौकटीत ओळखू आलेलं नाव होतं टॉलेमी. तिथून १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक शाम्पोलियाँनं लिपीचं कुलूप उघडलं.

(दृश्य : रात्रीचं आकाश. सप्तर्षींच्या खालचा अंधूक पुंजका.)

नवरा युद्धावरून सुखरूप यावा म्हणून तिसऱ्या टॉलेमीची राणी बेरेनिकी हिनं आपली बट देवाला वाहिली. ती देवळातून नाहीशी झाली. दरबारी ज्योतिषी कोनॉननं आकाशातला हा पुंजका दाखवून सांगितलं, ती बट ही बघा. मराठीत आपण याला अरुंधती केश म्हणतो. केस बेरेनिकीचे, नाव अरुंधतीचं.

याच राजाच्या पुजाऱ्यांनी इ.स.पू. २३८ मध्ये दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचं ठरवलं. तेव्हा कुणी मानलं नाही, रोमन सम्राट ऑगस्टसनं पुढे ते लागू केलं. आजच्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चनांच्या पंचांगात तो दिवस आहे. त्यातला तिसरा महिना हातूर, म्हणजे हॅथर. आणि अशोकाच्या तेराव्या शिलालेखात यवन राजांच्या नावांत एक नाव आहे तुरमाय. तो दुसरा टॉलेमी. सोपाऱ्याला याच लेखमालेचे तुकडे सापडले, पण आठव्या आणि नवव्या लेखाचे. तेरावा तिथे मिळाला नाही.

(दृश्य : आस्वान. मोटारबोट. फिले. संध्याकाळ.)

हे इसिसचं देऊळ. मुख्य भाग दुसऱ्या टॉलेमीचा. धरणानं ते पाण्यात बुडालं होतं. १९७२ ते १९८० या काळात सुमारे चाळीस हजार तुकडे सुटे करून शेजारच्या अगिलकिया बेटावर पुन्हा जुळवले. सांधे शोधून पाहा, सापडत नाहीत.

(दृश्य : हेड्रियनची कमान. भिंतीचा एक कोपरा. ओबडधोबड कोरलेली माणसासारखी आकृती, बाजूला चित्रलिपीच्या ओळी.)

राजघराणं संपून चारशेवर वर्षं झाली होती. गावोगावची देवळं बंद पडत होती. २४ ऑगस्ट ३९४ रोजी इसिसचा पुजारी नेस्मेतेराखेम इथे छिन्नी घेऊन उभा राहिला. मांडुलिस देवाची आकृती कोरली, शेजारी आपलं आणि बापाचं नाव घातलं. चित्रलिपीतला तारखेचा हा शेवटचा ज्ञात लेख. हात सफाईचा नाही, रेघा हलल्यात. त्यात त्यानं लिहिलंय, सदासर्वकाळासाठी.

(निवेदन नाही. अक्षरांवरून उतरणारं ऊन. बोटीचं इंजिन दूर जातं.)