पीयूषिका, चीक आणि माझी मावशी

या, मागचे लोक पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय दिलाय 'हार्मोन कसे काम करतात', ते सांगतोच, पण आधी मावशीचं सांगतो, कारण समोर आशाताई बऱ्याच दिसतायत अन् मला खरं तर तुमच्याशीच बोलायचंय.

आमची मावशी परभणीकडं खेड्यात दिलेली. तिसऱ्या खेपेला घरीच बाळंत झाली अन् रक्त थांबेचना, दोन लुगडी भिजली, बैलगाडीतून दवाखान्यात नेलं तवर बेशुद्ध. वाचली. पण दूध आलंच नाही, एक थेंब नाही. आजीनं हाळीव दिले, डिंकाचे लाडू दिले, काही नाही, लेकरू शेळीच्या दुधावर वाढलं. पुढं पाळीही आली नाही, तर बायका म्हणल्या बरं झालं, सुटली. काखेतले केस गेले, हे ती कुणाला सांगणार? आपल्याकडचा मे महिना कसा असतो तुम्हाला माहितीये, त्या मे महिन्यात ही घोंगडी पांघरून बसायची. खुरपायला गेली की चक्कर. सासू म्हणायची कामचुकार, कुणी म्हणलं बाहेरचं आहे, ११ वर्षं अंगारे-धुपारे चालले. एका दवाखान्यात थायरॉइड तपासलं, टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, नॉर्मल, म्हणले काही नाही, टॉनिक घ्या. त्या कागदाचा राग मला आजही येतो. आकडा बरोबर होता हो, वाचणाराला तो वाचता आला नाही.

मी तेव्हा मेडिकलला होतो, आमच्या सरांकडं तिला नेलं. सरांनी दोनच गोष्टी विचारल्या. बाळंतपणात रक्त लई गेलं होतं का? दूध आलं होतं का? झालं निदान. हॅरॉल्ड शीहान या इंग्रज पॅथॉलॉजिस्टनं १९३७ साली हेच लिहून ठेवलंय, म्हणून शीहान सिंड्रोम. पीयूषिका म्हणजे पिट्यूटरी, मेंदूखाली हाडाच्या खोगिरात बसलेली, हरभऱ्याएवढी, वजन अर्धा ग्रॅम. गरोदरपणात ती फुगते, दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन हार्मोनच्या पेशी वाढतात, रक्त जास्त लागतं, अन् शेंगा भरायच्या टायमाला सोयाबीनचं पाणी तुटावं तसं नेमकं तेव्हाच रक्त गेलं की ती वाळते. पीयूष या संस्कृत शब्दाचा एक अर्थ अमृत अन् दुसरा व्यालेल्या गाईचा चीक, ज्याचा आपण खरवस करतो. चिकाच्या नावाची ग्रंथी, ती मेली की आधी दूधच जातं. मला हे नाव फार आवडतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. तर हार्मोनचं, म्हणजे ग्रंथीतून रक्तात सुटणाऱ्या निरोपाचं, काम कसं चालतं, पटकन. जायकवाडीचा कालवा धरा. हायपोथॅलॅमस, म्हणजे पीयूषिकेच्या वरचा मेंदूचा भाग, तो साहेब, पीयूषिका गेट चालवणारा पाटकरी. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी कमी पडलं की ओरड होते अन् पाटकरी गेट जास्त उघडतो, म्हणजे थायरॉइडचा हार्मोन थायरॉक्सिन कमी झाला की टीएसएच वाढतो, पाणी पुरलं की गेट खाली. म्हणून थायरॉइड बिघडला तर टीएसएच चढलेला दिसतो. मावशीचा पाटकरीच गेलेला, ओरड आहे पण गेट उघडणार कोण, त्यामुळं टीएसएच नॉर्मल दिसतो, सोबत फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, बघितलं तरच कळतं. हाच पाटकरी एसीटीएच हा हार्मोन पाठवून किडनीवरच्या ग्रंथीकडून कॉर्टिसॉल हा शरीराचा स्वतःचा स्टेरॉइड काढतो, एलएच-एफएसएचनं पाळी चालवतो, वाढीचा हार्मोनही त्याचाच. रक्तातून हार्मोन सगळीकडं फिरतो, पण ज्या पेशीकडं त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखणारा कान, आहे तीच ऐकते. पीयूषिकेच्या मागच्या भागातले कळा आणणारा ऑक्सिटोसिन अन् लघवी आवरणारा एडीएच तयार वर हायपोथॅलॅमसमध्ये होतात, इथं फक्त साठतात.

अजून एक, घोणस चावून वाचलेल्या माणसाचीही पीयूषिका अशीच जाऊ शकते, तो महिनोन्‌महिने गळून गेलेला दिसला तर ध्यानात ठेवा.

उपचार स्वस्त आहे, पण डॉक्टरांनी आधी स्टेरॉइडची गोळी सुरू करायची, मग थायरॉक्सिन, उलटं झालं तर पेशंट जिवावर जातो, अन् स्टेरॉइड मनानं कधी बंद करायची नाही. मावशीनं पंधरा दिवसांत घोंगडी धुऊन वाळत घातली होती.

हां, त्या कडेच्या ताई केव्हाच्या हात वर करून आहेत. बोला ताई, किती वर्षं झाली बाळंतपणाला?