जखम तळव्याला, बिघाड गुडघ्यापाशी

(वेंगुर्ल्यात ३० जानेवारीला, कुष्ठरोग निवारण दिनी, दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, कुष्ठरोगावर बोला असं मला सांगितलंय. पण मी पडलो हाडांचा डॉक्टर, तेव्हा रोगापेक्षा पायाबद्दलच जास्त बोलेन.

माझ्याकडे एक खलाशी यायचे. उजव्या तळव्याला, करंगळीच्या मुळाशी रुपयाएवढी जखम. दुखत नव्हती, हीच तर भानगड. "डॉक्टरांनू, सुकता नि परत फुटता," म्हणाले. चार वर्षं मलमपट्टी चालू होती. मी म्हटलं, जखम नंतर बघू, आधी व्हरांड्यात चालून दाखवा. गुडघाभर पाण्यातून चालल्यासारखा ते पाय उंच उचलत होते आणि पाऊल बाहेरच्या कडेवर फट्‌कन आपटत होतं. चप्पल उलटी करून बघितली, तर बरोबर करंगळीखाली रबर झिजून आरपार गेलेलं. निम्मं निदान त्या चपलेनंच केलं.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. लावून बघा. त्याच्या खालून एक नस वळसा घालून जाते, अगदी कातडीलगत. या रोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात, त्यामुळे ही नस त्यांच्या तावडीत सहज सापडते. ती निकामी झाली की पाऊल वर उचलणारे आणि बाहेर वळवणारे स्नायू लुळे पडतात. पोटरीत खोलवर असलेला, पाऊल आत ओढणारा स्नायू मात्र शाबूत राहतो, कारण त्याची नस निराळी. शिडाचा एका बाजूचा दोर तुटला की शीड जसं एकाच अंगाला कलतं, तसं पाऊल आत वळतं आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. त्यात आतल्या घोट्यामागची नसही गेली असेल तर तळवा बधिर. मग माणूस त्याच जागेवर हजारो पावलं टाकतो आणि त्याला पत्ता नसतो. 'रक्त खराब आहे म्हणून चिघळतं' हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम केलं आणि मांस आपोआप सडत नाही, वेदना नसल्यामुळे इजा होते, हे दाखवून दिलं. तरी तो समज अजून गेलेला नाही.

कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी नस पुष्कळदा सावरते. म्हणून पाय जड वाटला की लगेच या, मिरग संपायची वाट बघू नका. त्यानंतर मात्र ऑपरेशन. आणि आधी जखम पूर्ण भरली पाहिजे. उघड्या जखमेवर आम्ही टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, जागेवरून हलवत नाही, पू आत गेला तर सगळंच मुसळ केरात. या खलाशांना त्यासाठी कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं. धंदा बुडाला म्हणून ते माझ्यावर चिडले होते, आणि ते चुकीचं नव्हतं.

ऑपरेशनमध्ये तो आत ओढणारा स्नायू आम्ही कामाला लावतो. त्याचं टेंडन पावलाच्या आतल्या बाजूला सोडवायचं, घोट्याच्या वर काढून घ्यायचं, नडगीच्या हाडाला वळसा देऊन पुढे आणायचं आणि दोन पदर करून एक अंगठ्याच्या, दुसरा बाकीच्या बोटांच्या टेंडनला शिवायचा. दोर तोच, फक्त खुंटी बदलली. टाचेची शीर, म्हणजे टाचेमागचं टेंडन, आखडली असेल तर तीही लांबवावी लागते, नाहीतर नवा स्नायू ओढून ओढून थकतो.

मला खरी गंमत वाटते ती प्लास्टर निघाल्यावर, चार-सहा आठवड्यांनी. मेंदूला अजून वाटत असतं की हा स्नायू पाऊल आत वळवतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगते, "काका, पाऊल आत घ्या." काका आत घ्यायला जातात आणि पाऊल वर उचललं जातं! पहिल्यांदा आमचे खलाशी स्वतःच दचकले. मग दिवसभर तेच करत बसले.

बधिरपणा मात्र या ऑपरेशननं जात नाही. मायक्रोसेल्युलर रबरची, म्हणजे मऊ स्पंजासारख्या रबराची, चप्पल आणि रोज रात्री आरशात तळवा बघणं आयुष्यभर.

मधुमेहात पायाला होणाऱ्या जखमांचं कुणीतरी विचारलं. बोट वाकून त्याच्या टोकाला जखम होत असेल, तर कधीकधी ते वाकवणारं टेंडन सुईनं किंवा बारीक पात्यानं सोडवलं की पुरतं, आणि तिथे जखम भरायची वाट बघावी लागतेच असं नाही. पण आधी पायाची नाडी लागते का बघतो. ती लागत नसेल, तर मी पातं हातात घेत नाही.