५३७ मतांचा राष्ट्राध्यक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर २००० मधलं एक छायाचित्र काहींना आठवत असेल. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झालेली, आणि फ्लोरिडा राज्यातला एक न्यायाधीश भिंग लावून, डोळे वटारून मतपत्रिका न्याहाळतोय. तिथं मत द्यायचं ते मतपत्रिकेला भोक पाडून. भोक नीट पडलं नाही, की कागदाची इवलीशी टिकली कडेला लोंबकळत राहायची. तिला म्हणतात 'चॅड'. अशी टिकली लोंबत असेल तर मत धरायचं की नाही? महिनाभर हाच वाद. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निकालानं फेरमोजणीला पूर्णविराम दिला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांनी, आणि फ्लोरिडाचे सगळे निर्वाचक तिथं पुढे असणाऱ्याला. फ्लोरिडात जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी पुढे, म्हणून तेच राष्ट्राध्यक्ष. देशभराची बेरीज केली तर त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती!

पुढचा प्रसंग ६ जानेवारी २००१ चा. संसदेच्या संयुक्त बैठकीत निर्वाचकांची मतं मोजायची होती, आणि अध्यक्षस्थानी कोण, तर उपराष्ट्राध्यक्ष या नात्यानं खुद्द गोर. त्यांच्याच पक्षाचे सभासद एकामागून एक उठून हरकत घेत होते. त्या वेळच्या नियमानुसार हरकतीवर एका तरी सिनेटरची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याची, सही लागायची; ती कुणाकडेच नव्हती. गोर यांनी एकेक हरकत फेटाळली आणि स्वतःचा पराभव स्वतःच जाहीर केला, २७१ विरुद्ध २६६. माझ्या मते बुश यांची बाजू तिथंच निम्मी सावरली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत ५७ टक्के लोकांनी बुश यांच्या कामाला पसंती दिली. मतदानात निम्मी मतंही न मिळालेल्या माणसाला! पण इथंच मेख आहे. 'काम कसं वाटतं' हा एक प्रश्न, आणि 'हा माणूस खरंच निवडून आला का' हा निराळा. पहिल्याला 'बरं चाललंय' म्हणणारा दुसऱ्याला नाक मुरडू शकतो. आपण मात्र एकच आकडा वाचतो आणि राग निवळला असं धरून चालतो.

नव्याची नवलाई ओसरली. सप्टेंबरच्या सुरुवातीला पसंती ५१ टक्क्यांवर आली. मग ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, आणि त्याच महिन्यात आकडा थेट ९० वर! देशावर संकट आलं, तेव्हा लोकांनी फ्लोरिडाचं भांडण फडताळात ठेवलं. मिटवलं नाही. २००८ च्या ऑक्टोबरात हीच पसंती २५ टक्क्यांवर उतरली, पण तोवर कारणं वेगळी होती: इराक, कॅटरिना वादळ, कोसळलेल्या बँका.

आणि ती भोकांची मतपत्रिका? ती फ्लोरिडानं २००१ सालीच कायदा करून मोडीत काढली.

नमस्कार.